तेरणेकाठचं बंदर

नकाशा भरा, गुण पाच.
कोरा महाराष्ट्र, डावीकडं समुद्र.
नववी ब च्या शमीम मणियारनं
डहाणू, रत्नागिरी, वेंगुर्ला बरोबर लावले,
आणि चौथा नांगर काढला
थेट तेरणेच्या काठावर, आमच्या तेरला,
जिथं मार्चनंतर नदीत म्हैससुद्धा बसत नाही.
मी लाल पेनानं फुली मारली.
समासात लिहिलं : समुद्र कुठाय?

तसं विचारलं तर गावालाही सांगता येणार नाही.
याला तगर म्हणायचे तेव्हाची गोष्ट.
इथली मलमल, इथलं जाडंभरडं कापड
गाड्यांतून, वाट नसलेल्या रानांतून,
दिवसचे दिवस, भडोचला जायचं. तिथून गलबत.
कुणी तरी दूरदेशी इथलं सूत अंगात घालून
आमचं नावही न घेता हिंडला असेल.
बदल्यात आलं ते अजून पांढरीत आहे.
पाऊस झोडपून गेला की उघडं पडतं :
एखादा मणी,
शंखाच्या बांगडीचा तुकडा,
चिमूटभर समुद्र, चिखलानं लिंपलेला.
पोरं तो गोट्यांत खेळतात. हरवतात. पुन्हा सापडतो.

माल गेला, स्वभाव राहिला.
पाहुण्याला आधी विचारतात, काय आणलंय?
मग विचारतात, चहा घेणार का?
बोलायला कडू, मापाला गोड.
बैलाचा भाव अजून रुमालाखाली बोटं धरून ठरतो,
आणि दलाल वसगडेंचा चेहरा त्या वेळी असा,
की जणू बोटं दुसऱ्याच कुणाची आहेत.

बंदराला धक्का असावा लागतो, मी वर्गात शिकवायचो.
आमचा धक्का एकदाच आला.
त्र्याण्णव साल, गणपती बुडवून लोक झोपलेले,
पहाटे चारच्या आत जमीन लाटेसारखी उठली.
माझं लोखंडी कपाट चालत दारापर्यंत आलं
आणि तिथं उभं राहिलं, जाऊ की नको अशा बेतानं.
माझं भिंतींवर भागलं.
तिकडं किल्लारीकडं
गावंच्या गावं बुडाली.
आम्ही आठवडाभर बैलगाडीखाली निजलो.
जाग आली की अंथरूण हलतंय वाटायचं.
खलाशांना जमिनीवर उतरल्यावर असंच होतं म्हणे.

परवा आठवडी बाजारात शमीम दिसली.
समोर एक नवरी, तिची बोटं आवळून, हाड दाबून
शमीम बांगडी चढवत होती. एकही फुटली नाही.
मी म्हणालो, ओळखलंस का? तो नांगर आठवतो?
"नांगर? आमाला कुठं शेत हाय, सर?"
मी नकाशाचं सांगितलं. ती हसली,
हातातला हात न सोडता म्हणाली,
"तुमीच म्हणला की, बंदराला नांगर काढा.
म्हणलं, आपल्या गावात तर घरोघर हाय.
मंग आपलं का नको?"

तीस वर्षं भूगोल शिकवला,
हे लक्षात आलं नव्हतं.
त्यांचा नांगर टाकला की नाव थांबते,
आपला टाकला की बैल चालू लागतात.
घरी येऊन उत्तरपत्रिकांचे जुने गठ्ठे शोधले.
वाळवीनं मार्कांसकट खाल्ले होते.
अर्धा गुण तरी द्यायला हवा होता.
पण कशावर देणार?

संध्याकाळी स्टँडवर गेलो, उगीच.
पुण्याची गाडी लागली होती.
(आमच्याकडं गाडीही लागतेच, गलबतासारखी.)
टपावर ज्वारीची पोती, एक शिलाई मशीन,
आणि खिडकीत मणियारांचाच कुणी पोरगा
डोकं बाहेर काढून
गाव किती लांब जातंय ते बघत असलेला,
गाडी अजून हललीही नव्हती तरी.